रुग्णाशी बोलण्याचे शिक्षण : इतिहास आणि मराठीपुढील प्रश्न

वैद्यकाच्या इतिहासात रोग, औषधे, उपकरणे आणि शस्त्रक्रिया यांना जे स्थान मिळाले आहे ते वैद्य आणि रुग्ण यांच्यामधील बोलण्याला मिळालेले नाही. वास्तविक या व्यवसायात सर्वांत अधिक वेळा घडणारी क्रिया बोलणे हीच होय. नाडी पाहण्यापूर्वी, रक्त तपासण्यापूर्वी आणि औषध लिहून देण्यापूर्वी कोणीतरी काहीतरी विचारतो आणि कोणीतरी त्याचे उत्तर देतो. आपल्याकडील प्राचीन वैद्यकग्रंथांनी ही गोष्ट ओळखली होती. अष्टांगहृदयात दर्शन, स्पर्शन आणि प्रश्न अशी त्रिविध परीक्षा सांगितली आहे. सुश्रुतसंहितेत पाच ज्ञानेंद्रियांच्या जोडीला प्रश्न हे सहावे साधन येते. तथापि येथे प्रश्न वैद्याचा आहे, आणि रुग्णाचे उत्तर ही त्याच्या परीक्षेची सामग्री आहे. रुग्ण स्वतः काय सांगू इच्छितो, ते त्याला सांगू दिले जाते की नाही, आणि सांगू देण्याची कला शिकविता येते की नाही, हे प्रश्न विसाव्या शतकाचे आहेत.

या प्रश्नांच्या उत्तरांतून जी शिक्षणपद्धती निर्माण झाली तिला आज रुग्णकेंद्री शुश्रूषेचे शिक्षण म्हणतात. रोगाबरोबर रोग्याचाही विचार करणे, त्याच्या शंका, समजुती आणि अपेक्षा जाणून घेणे आणि उपचाराच्या निर्णयात त्याला सहभागी करून घेणे, एवढा अर्थ या संज्ञेत अभिप्रेत आहे. प्रस्तुत लेखात या शिक्षणाचा इतिहास भाषाभ्यासकाच्या दृष्टीने पाहावयाचा आहे. तो तसा पाहिला असता एक गोष्ट ठळकपणे नजरेत भरते. हे शिक्षण ज्या ज्या वेळी एक पाऊल पुढे गेले त्या त्या वेळी ते प्रत्यक्ष उच्चारलेल्या बोलण्याच्या अधिक जवळ आले होते. या निरीक्षणाचा मराठी रुग्णालयांशी काय संबंध पोहोचतो, याचा विचार लेखाच्या उत्तरार्धात केला आहे.

१

अमक्या डॉक्टरांच्या हाताला गुण आहे, असे आपण म्हणतो. या वाक्प्रयोगात एक सिद्धान्त दडलेला आहे. हातगुण हा उपजत असतो. तो कोणाला असतो, कोणाला नसतो. तो अभ्यासक्रमात घालता येत नाही. पाश्चात्त्य वैद्यकातही रुग्णाशी वागण्याबोलण्याच्या कौशल्याविषयी दीर्घकाळ अशीच धारणा होती. चांगला वैद्य हा स्वभावतः सहृदय असतो, आणि नसल्यास वयाने व अनुभवाने तसा होतो, असे गृहीत धरले जाई.

या गृहीताविषयीची अस्वस्थता हार्वर्ड विद्यापीठातील वैद्यकाचे प्राध्यापक फ्रान्सिस पीबॉडी यांच्या १९२७ साली प्रसिद्ध झालेल्या व्याख्यानात स्पष्ट दिसते. तरुण पदवीधरांना रोगाच्या यंत्रणेविषयी पुष्कळ शिकविले जाते, परंतु आजारी माणसावर उपचार कसे करावेत याविषयी फार थोडे शिकविले जाते, ही जुन्या वैद्यांची तक्रार त्यांनी विचारार्थ घेतली होती. प्रयोगशाळा आणि मोठी रुग्णालये यांच्यामुळे वैद्यकाचे सामर्थ्य वाढले, परंतु त्याच रुग्णालयात माणूस आपल्या घरापासून, कामापासून आणि काळज्यांपासून तोडला जाऊन केवळ एक 'केस' बनतो, हे त्यांनी विद्यार्थ्यांपुढे मांडले. पीबॉडी त्याच वर्षी वारले. त्यांचे व्याख्यान पुढील पिढ्यांनी आदराने वाचले. पण त्यात सांगितलेला गुण विद्यार्थ्याच्या अंगी कसा आणावा, यासाठी गुरूच्या आदर्शापलीकडे दुसरे साधन त्या काळी उपलब्ध नव्हते.

२

पहिले साधन मनोविश्लेषणाकडून आले. बुडापेस्ट येथे १८९६ साली जन्मलेले मायकेल बालिंट हे १९३९ साली इंग्लंडमध्ये आले. त्यांचे वडील सामान्य व्यवसाय करणारे डॉक्टर होते. १९५० च्या सुमारास लंडनच्या टॅव्हिस्टॉक क्लिनिकमध्ये एनिड बालिंट यांच्या सहकार्याने त्यांनी सामान्य व्यवसायी डॉक्टरांची चर्चामंडळे सुरू केली. डॉक्टरांनी ठरावीक दिवशी एकत्र जमावे, ज्याच्याविषयी मन अस्वस्थ आहे अशा एखाद्या रुग्णाची हकीकत सांगावी आणि इतरांनी तिच्यावर चर्चा करावी, असा हा क्रम होता. चर्चेचा रोख रोगनिदानावर नसे. हा रुग्ण आपल्याला का खटकतो, तो वारंवार का येतो, येताना तो काय घेऊन येतो आणि आपण त्याला काय देऊन परत पाठवितो, असे प्रश्न तेथे विचारले जात. या अनुभवावर आधारलेला बालिंट यांचा ग्रंथ १९५७ साली प्रसिद्ध झाला. डॉक्टर स्वतःच एक औषध असतो आणि या औषधाची मात्रा व दुष्परिणाम कोणत्याही ग्रंथात दिलेले नाहीत, हा त्यातील विचार विशेष गाजला. 'रुग्णकेंद्री वैद्यक' हा शब्दप्रयोग एनिड बालिंट यांनी १९६९ च्या आपल्या निबंधात शीर्षकातच केला, आणि तेव्हापासून तो वैद्यकीय लेखनात रूढ होत गेला.

बालिंट यांची मोठी कामगिरी अशी की, त्यांनी वैद्याच्या वागणुकीला नीतीच्या उपदेशातून काढून अभ्यासाचा विषय बनविले. परंतु त्यांच्या मंडळात जे ऐकावयास मिळे ते डॉक्टरचे स्मरण असे. रुग्ण नेमके काय म्हणाला, कोणत्या शब्दावर थांबला, डॉक्टरने त्याला कोठे अडविले, हे त्या स्मरणात राहतेच असे नाही. आपण स्वतः उच्चारलेली वाक्ये आपल्याला किती थोडी आठवतात हे भाषाशास्त्राच्या प्रत्येक विद्यार्थ्याला ठाऊक आहे.

३

ही उणीव ध्वनिमुद्रण यंत्राने भरून काढली. बार्बरा कॉर्श आणि त्यांचे सहकारी यांनी लॉस एंजेलिस येथील बालरुग्णालयात ८०० भेटींचे ध्वनिमुद्रण करून १९६८ साली आपले निष्कर्ष प्रसिद्ध केले. आजारी मुलाला घेऊन आलेली आई आणि डॉक्टर यांच्यातील संभाषण मुद्रित करावयाचे, आणि मागाहून त्या आईची स्वतंत्र मुलाखत घ्यावयाची, अशी ही पद्धती होती. तिच्यातून असे दिसून आले की, सुमारे एक चतुर्थांश मातांनी आपल्या मनातील सर्वांत मोठी काळजी डॉक्टरपुढे बोलूनच दाखविली नव्हती. तशी संधी किंवा तसे उत्तेजन त्यांना मिळाले नव्हते. दुसरा निष्कर्ष अधिक अनपेक्षित होता. भेट किती वेळ चालली याचा मातेच्या समाधानाशी म्हणण्यासारखा संबंध आढळला नाही. लांबलेल्या भेटीतही आई असमाधानी राहू शकते आणि अल्प भेटीतही तिचे समाधान होऊ शकते, असा त्याचा अर्थ होता.

इंग्लंडमध्ये पॅट्रिक बर्न आणि बॅरी लाँग यांनी सुमारे अडीच हजार भेटींच्या ध्वनिमुद्रणाचा अभ्यास करून १९७६ साली आपला ग्रंथ प्रसिद्ध केला. बर्न हे मँचेस्टर येथे सामान्य वैद्यक-व्यवसायाचे प्राध्यापक होते. या दोघांनी भेटीचे सहा टप्पे पाडले : परिचय, येण्याचे कारण शोधणे, तपासणी, स्थितीचा विचार, उपचाराचे विवेचन आणि निरोप. ज्या भेटी फसल्या त्यांतील दोष बहुधा दुसऱ्या आणि चौथ्या टप्प्यात आढळले. म्हणजे रुग्ण कशासाठी आला आहे हे नीट समजून न घेता डॉक्टर पुढे गेला होता, किंवा रुग्णाबरोबर बसून त्याच्या स्थितीचा विचार करणे त्याने टाळले होते. एकच डॉक्टर निरनिराळ्या रुग्णांशी जवळजवळ एकाच ठशात बोलतो, हेही या मुद्रणांवरून दिसले. ठसा आहे म्हटल्यावर तो सवयीचा भाग ठरतो, आणि सवय ही उपजत गुणापेक्षा निराळी वस्तू आहे. ती लागते, आणि मोडताही येते.

याच सुमारास शिक्षणाचे दुसरे अंगही तयार होत होते. दक्षिण कॅलिफोर्निया विद्यापीठातील मज्जाविकारतज्ज्ञ हॉवर्ड बॅरोज यांनी १९६३ साली एका निरोगी व्यक्तीला रुग्णाची भूमिका शिकवून विद्यार्थ्यांपुढे बसविले. आरंभी या प्रयोगाची थट्टा झाली. पुढे मात्र अशा 'भूमिका-रुग्णां'चा वापर जगभर पसरला. स्कॉटलंडमधील डंडी येथे रोनाल्ड हार्डेन आणि सहकाऱ्यांनी १९७५ साली वस्तुनिष्ठ प्रात्यक्षिक परीक्षेची पद्धती मांडली. विद्यार्थी एका स्थानकावरून दुसऱ्या स्थानकावर जातो, प्रत्येक ठिकाणी ठरावीक वेळात एक कृती करतो आणि परीक्षक यादीप्रमाणे गुण देतो. रुग्णाशी बोलणे ही या स्थानकांपैकी एक कृती झाली. ज्या गोष्टीची परीक्षा होते तिचाच अभ्यास होतो, या न्यायाने बोलण्याला अभ्यासक्रमात जागा मिळाली. ब्रिटनच्या जनरल मेडिकल कौन्सिलने १९९३ च्या आपल्या शिफारशींत संवादकौशल्याला स्पष्ट स्थान दिले. १९९६ पासून कॅल्गरी आणि केंब्रिज येथील अध्यापकांनी तयार केलेली मार्गदर्शिका अनेक देशांत वापरली जाऊ लागली.

अनुभवाने हे सर्व आपोआप येते, या जुन्या समजुतीचीही याच काळात परीक्षा झाली. लेस्ली फॅलोफील्ड आणि सहकाऱ्यांनी ब्रिटनमधील ३४ केंद्रांतील १६० कर्करोगतज्ज्ञांवर केलेला प्रयोग २००२ साली प्रसिद्ध झाला. तीन दिवसांच्या शिक्षणक्रमाने या तज्ज्ञांच्या बोलण्यात मोजता येईल असा फरक पडला. केवळ वर्षे लोटल्याने असा फरक पडत नाही, असे संशोधकांनी नोंदविले. हातगुणाच्या सिद्धान्ताला बसलेला हा मोठा धक्का होय.

४

येथवरच्या इतिहासात बोलण्याची मुद्रणे झाली, त्यांचे वर्गीकरण झाले, परीक्षाही झाल्या. पण भाषेच्या अंगाने पाहता अजून एक पायरी राहिली होती. रुग्णाच्या आणि डॉक्टरच्या वाक्यांची प्रत्यक्ष गुंफण कशी होते, कोण कोणाला कोठे तोडतो, आणि प्रश्नाची घडण उत्तराला कसे वळण देते, हे पाहावयाचे होते.

हॉवर्ड बेकमन आणि रिचर्ड फ्रँकेल यांनी १९८४ साली ७४ भेटींचे विश्लेषण प्रसिद्ध केले. त्यांनी विचारलेला प्रश्न साधा होता : रुग्णाला आपले सुरुवातीचे निवेदन पुरे करता येते काय? केवळ १७ भेटींत ते पुरे झाले. ५१ भेटींत डॉक्टरने मध्येच एखादा विशिष्ट प्रश्न विचारून निवेदन तोडले, आणि ते सरासरी १८ सेकंदांनंतर तोडले. तोडलेले निवेदन पुन्हा हाती घेऊन पुरे करण्याची संधी त्या ५१ पैकी एकाच भेटीत मिळाली. भाषाभ्यासकाला यातील महत्त्वाचा भाग असा वाटतो की, तोडणारी वाक्ये उद्धट नव्हती. ती रोगनिदानाला उपयुक्त असे प्रश्न होते. 'किती दिवस दुखते?' हा प्रश्न चांगलाच आहे; पण तो पहिल्याच तक्रारीवर विचारला गेला की दुसरी आणि तिसरी तक्रार मागे राहते, आणि रुग्ण ज्या क्रमाने सांगतो तो महत्त्वाचा क्रम असतोच असे नाही.

याच प्रश्नावर एम. किम मार्व्हेल आणि सहकाऱ्यांनी १९९९ साली २६४ भेटींचा अभ्यास प्रसिद्ध केला. पंधरा वर्षांत फारसा फरक पडला नव्हता. निवेदन पुरे झालेल्या भेटींचे प्रमाण २८ टक्के होते आणि ते तोडले जाण्यापूर्वीचा सरासरी काळ सुमारे २३ सेकंद होता. मात्र ज्यांना निवेदन पुरे करू दिले त्यांनी इतरांपेक्षा सरासरी सहाच सेकंद अधिक घेतले होते. २००२ साली बाझेल येथील विद्यापीठ-रुग्णालयातून आलेल्या अभ्यासात डॉक्टरांना मुद्दाम न अडविता ऐकण्याचे शिक्षण दिले होते. तेथील ३३५ रुग्ण स्वयंस्फूर्तीने सरासरी ९२ सेकंद बोलले आणि शेकडा ७८ रुग्णांचे बोलणे दोन मिनिटांच्या आत आपोआप संपले.

या आकड्यांच्या जोडीला एलियट मिशलर यांचे १९८४ चे विवेचन ठेवले पाहिजे. वैद्यकीय मुलाखतीत दोन आवाज असतात, असे त्यांनी दाखविले : एक वैद्यकाचा आणि दुसरा रुग्णाच्या जीवनाचा. रुग्ण जीवनाच्या आवाजात सांगू लागतो. डॉक्टर त्यातील वैद्यकीय कण तेवढा उचलतो आणि पुढचा प्रश्न विचारतो. उरलेले वाक्य निराधार राहते. अडथळा हा नेहमी शब्दावर शब्द चढवून होत नाही, तो प्रतिसाद न देण्यानेही होतो.

एका शब्दाचे सामर्थ्य किती असू शकते हे जॉन हेरिटेज आणि सहकाऱ्यांनी २००७ साली दाखविले. २० डॉक्टर आणि २२४ रुग्ण यांच्यावरील हा प्रयोग होता. रुग्णांनी भेटीपूर्वीच आपल्या तक्रारी कागदावर लिहून दिल्या होत्या, त्यामुळे कोणती तक्रार बोलली गेली आणि कोणती राहून गेली हे ताडून पाहता येत होते. आणखी काही सांगावयाचे आहे काय, हा प्रश्न काही डॉक्टरांनी इंग्रजीतील 'एनिथिंग' हा शब्द वापरून विचारावयाचा होता आणि काहींनी 'समथिंग' हा शब्द वापरून. इंग्रजी व्याकरणात यांतील पहिला शब्द नकारार्थी वाक्यांशी आणि दुसरा होकारार्थी वाक्यांशी संलग्न आहे. दुसऱ्या शब्दाने विचारलेल्या प्रश्नामुळे न बोलल्या गेलेल्या तक्रारींपैकी ७८ टक्के नाहीशा झाल्या. पहिल्या शब्दाने विचारलेला प्रश्न आणि काहीच न विचारणे यांत मात्र म्हणण्यासारखे अंतर आढळले नाही. भेटीची लांबी कोणत्याच प्रकारात वाढली नाही.

५

हा प्रयोग मराठीत भाषांतरित करू गेल्यास काय होईल? तो होणारच नाही. मराठीतील 'काही' हा शब्द दोन्ही बाजूंना सारखाच चालतो. 'काही आहे' आणि 'काही नाही' ही दोन्ही वाक्ये शुद्ध आणि नित्याची आहेत. इंग्रजीत जो कल शब्दाच्या निवडीत असतो तो मराठीत वाक्याच्या घडणीत असतो. पुढील तीन प्रश्न पाहावेत.

बाकी काही त्रास नाही ना?
आणखी काही होतंय का?
आणखी काय काय होतंय?

पहिल्या प्रश्नात नकार आधीच उच्चारला आहे आणि 'ना' या अव्ययाने त्याला संमती मागितली आहे. 'नाही' म्हणणे हेच येथे सौजन्याचे उत्तर ठरते. दुसरा प्रश्न तुलनेने तटस्थ आहे. तिसऱ्यात काहीतरी होत आहे हे गृहीत धरले असून 'काय काय' या द्विरुक्तीने ते एकाहून अधिक असू शकते असेही सुचविले आहे. व्याकरणाच्या आधाराने असे अनुमान करता येते की, मराठी रुग्णाची राहिलेली तक्रार बाहेर काढण्यास तिसरा प्रश्न सर्वांत उपयुक्त ठरावा. हे अनुमान आहे. ते सिद्ध करावयाचे तर मराठी भेटींची मुद्रणे हवीत. पण घाईत असलेल्या माणसाच्या तोंडी पहिला प्रश्न किती सहज येतो, हे कोणाही मराठी भाषकाला आपल्या कानाने पडताळून पाहता येईल.

दुखणे सांगण्याची मराठी रीतही निराळी आहे. मोल्सवर्थच्या कोशात, म्हणजे एकोणिसाव्या शतकातच, कळ, ठणका, चमक, उसण असे वेदनेचे भेद नोंदले गेले आहेत. या शब्दांतील भेद केवळ तीव्रतेचा नाही. वेदना कशी येते, टिकते आणि हलते याचे वर्णन त्यांत आहे. वेदनेचे मोजमाप शून्य ते दहा या अंकांत सांगावयास लावण्याची पद्धत आता सर्वत्र आहे. मराठी रुग्ण मात्र 'ठणका झोपू देत नाही', 'सोसवत नाही' असे म्हणतो. म्हणजे वेदना काय करू देत नाही यावरून तो तिचे माप सांगतो. गुण आला तर वडीलधारी माणसे 'आठ आणे फरक आहे' असे सांगतात. हेही मोजमापच आहे, आणि ज्याला ते ऐकता येते त्याच्या दृष्टीने पुरेसे नेमके आहे.

संबोधनाचा प्रश्न तर अधिक नाजूक आहे. रुग्णाला त्याच्या नावाने संबोधावे, असा इंग्रजी मार्गदर्शिकांचा सर्वसाधारण संकेत आहे. मराठीत वयस्क स्त्रीला नुसत्या नावाने हाक मारणे हा आदर नव्हे. 'आजी', 'मावशी' ही नातेवाचक संबोधने तेथे स्वाभाविक आहेत. पण 'मावशी, तू इथे बस' आणि 'मावशी, तुम्ही इथे बसा' यांत फरक आहे, आणि गरीब रुग्णाच्या वाट्याला पहिले वाक्य अधिक येते, हे नाकारण्यात अर्थ नाही. शिवाय आपल्या दवाखान्यात बोलणारी माणसे दोनच नसतात. सून रुग्ण असते आणि सासू बोलते : 'हिला जेवण जात नाही.' रुग्ण स्वतः समोर बसलेली असून वाक्यात तृतीय पुरुषी आहे. दोन व्यक्तींच्या संभाषणावर उभारलेल्या शिक्षणक्रमात या तिसऱ्या व्यक्तीची पुरेशी सोय नाही.

६

महाराष्ट्रात रुग्णाच्या भाषेतून आरोग्यशिक्षण घडविण्याचे उल्लेखनीय प्रयत्न झाले आहेत, आणि ते मुख्यतः महाविद्यालयांच्या बाहेर झाले आहेत. डॉ. रजनीकांत आणि डॉ. मेबल आरोळे यांनी १९७० साली तेव्हाच्या अहमदनगर (आताच्या अहिल्यानगर) जिल्ह्यातील जामखेड येथे आपला प्रकल्प सुरू केला. बाहेरून नेमलेल्या प्रशिक्षित परिचारिकांना खेड्यात विश्वास मिळविणे कठीण गेले. तेव्हा गावानेच निवडलेल्या स्त्रियांना आरोग्यसेविका म्हणून शिकविण्याचा मार्ग त्यांनी स्वीकारला. यांतील पुष्कळ स्त्रियांना अक्षरओळख नव्हती आणि कित्येक दलित समाजातील होत्या. त्या नियमाने जामखेडला येत, शिकत, आणि गावी परत जाऊन ते आपल्या शब्दांत सांगत. १९७९ साली आरोळे दांपत्याला मॅगसेसे पुरस्कार मिळाला. या प्रयोगाची चर्चा बहुधा सार्वजनिक आरोग्याच्या अंगाने होते. परंतु शिक्षणाच्या दृष्टीने पाहिले तर येथे क्रमच उलटा होता. इतरत्र ज्ञान असलेल्या माणसाला रुग्णाची भाषा शिकवावी लागते. जामखेडमध्ये रुग्णाची भाषा ज्यांच्याजवळ होती त्यांना ज्ञान दिले गेले.

डॉ. अभय आणि डॉ. राणी बंग यांचा गडचिरोली जिल्ह्यातील दोन खेड्यांचा अभ्यास १९८९ साली प्रसिद्ध झाला. ६५० स्त्रियांपैकी ५५ टक्के स्त्रियांनी स्त्रीरोगविषयक तक्रारी सांगितल्या. तपासणीत मात्र ९२ टक्के स्त्रियांना असे एक वा अधिक विकार आढळले. त्यापूर्वी अशी तपासणी व उपचार झालेल्या स्त्रियांचे प्रमाण केवळ ८ टक्के होते. या तफावतीचे एक कारण असे की, कित्येक विकारांत लक्षण जाणवतच नाही. परंतु लक्षण जाणवूनही दवाखान्यापर्यंत न पोहोचलेल्या स्त्रियांची संख्या या आकड्यांत उघड दिसते. 'दुखणे अंगावर काढणे' हा वाक्प्रचार ज्या भाषेत आहे तिच्यात न सांगणे हीच रूढ वर्तणूक आहे, हे रुग्णाशी बोलू पाहणाऱ्याने आधी ध्यानात घ्यावे. 'अंगावरून जाते' एवढेच शब्द उच्चारून थांबलेल्या स्त्रीने आपल्या बाजूने सर्व काही सांगितलेले असते. पुढचा प्रश्न विचारणाऱ्याला त्या शब्दांचा अर्थ ठाऊक नसेल, किंवा ठाऊक असूनही तो त्यावर थांबला नाही, तर तो विषय तेथेच संपतो.

वैद्यकीय महाविद्यालयांत हा विषय उशिरा आला. भारतीय वैद्यक परिषदेने २०१८ साली वृत्ती, नीती आणि संवाद या विषयांची २७ घटकांची पुस्तिका काढली आणि २०१९ पासून पदवी-अभ्यासक्रमात हा भाग अनिवार्य झाला. 'रुग्ण असणे म्हणजे काय' हा त्यातील पहिल्या वर्षाचा एक घटक आहे. प्रारंभीच्या पायाभूत वर्गात स्थानिक भाषेच्या परिचयाचीही तरतूद आहे. हे पाऊल स्वागतार्ह आहे. तथापि संवाद आणि भाषा हे येथे दोन वेगळे विषय मानले गेले आहेत. संवादाचे पाठ इंग्रजीतून व्हावयाचे आणि स्थानिक भाषेत आकडे, अवयवांची नावे व काही वाक्ये पाठ करावयाची, अशी विभागणी झाल्यास दोहोंचाही हेतू विफल होण्याचा संभव आहे. सहानुभूतीचे इंग्रजी वाक्य मराठीत उतरविले म्हणजे सहानुभूती पोहोचली असे नव्हे. 'तुमच्या भावना मी समजू शकतो' हे वाक्य मराठी व्याकरणाने निर्दोष आहे, पण आजवर कोणत्याही मराठी माणसाने आजाऱ्याच्या उशाशी बसून ते उच्चारले असेल असे वाटत नाही. तेथे 'फार सोसलंत' एवढे दोन शब्द पुरतात.

यावर वेळेचा आक्षेप घेतला जाईल, आणि तो हसण्यावारी नेण्यासारखा नाही. ६७ देशांतील माहितीचा २०१७ साली प्रसिद्ध झालेला आढावा सांगतो की, प्राथमिक उपचाराच्या भेटीचा सरासरी काळ स्वीडनमध्ये साडेबावीस मिनिटे, तर बांगलादेशात ४८ सेकंद आढळला. आपल्या सार्वजनिक रुग्णालयांच्या बाह्यरुग्ण विभागातील रांगा ज्याने पाहिल्या आहेत त्याला बाझेलच्या ९२ सेकंदांचे आश्वासनही चैनीचे वाटेल. माणसांची आणि जागांची टंचाई शिक्षणाने भरून निघत नाही, आणि ती भरून काढण्याची जबाबदारी टाळण्यासाठी शिक्षणाचा उपयोग होऊ नये. परंतु कॉर्श यांच्या मातांपासून हेरिटेज यांच्या प्रयोगापर्यंतचा पुरावा असे सांगतो की, आहे त्या वेळात काय विचारले जाते आणि कसे, याला स्वतंत्र महत्त्व आहे. वेळ जितका अपुरा तितके प्रश्नाच्या घडणीचे मोल अधिक.

७

सारांश, या शिक्षणाच्या इतिहासात एक क्रम आढळतो. पीबॉडी यांच्या काळी जो सद्गुण होता त्याला बालिंट यांनी चर्चेचा विषय केले. ध्वनिमुद्रणाने त्याला सवयीचे रूप दिले. भूमिका-रुग्ण आणि परीक्षा यांनी त्याचा सराव घडविला. आणि संभाषणाच्या विश्लेषणाने त्याला वाक्यांच्या आणि शब्दांच्या पातळीवर आणले. यांतील शेवटची पायरी आयात करता येत नाही. प्रश्नाचा कल, संबोधनाचा आदर, वेदनेचे शब्द आणि मौनाचा अर्थ हे प्रत्येक भाषेत निराळे असतात, आणि त्यांचा शोध त्या त्या भाषेतच घ्यावा लागतो.

हे काम एकट्या वैद्यकीय महाविद्यालयांचे नाही. रुग्णांच्या संमतीने आणि त्यांची ओळख गुप्त राखून मराठी भेटींचे मुद्रण करणे, त्यांचे काळजीपूर्वक लेखन करणे, कोकणी, वऱ्हाडी, अहिराणी, मालवणी आणि आदिवासी भाषा बोलणाऱ्यांचे दुखण्याचे शब्द संदर्भासह नोंदणे, आणि या सामग्रीवरून डॉक्टर, परिचारिका व आशा कार्यकर्त्या यांच्यासाठी पाठ तयार करणे, ही कामे भाषा-विभाग आणि आरोग्य-विज्ञानाच्या संस्था यांनी मिळून करावयाची आहेत. पदव्युत्तर विद्यार्थ्यांना प्रबंधासाठी विषय हवे असतात. हा विषय कित्येक प्रबंधांना पुरेल एवढा मोठा आहे. त्याची सामग्री रोज सकाळी प्रत्येक जिल्हा रुग्णालयाच्या बाह्यरुग्ण विभागात उच्चारली जाते, आणि दुपारपर्यंत ती विरून जाते.